तेरावे संत्रे: रोजच्या अप्रामाणिकपणाच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

मृग बहाराची संत्री आली, की नागपुरात सीताबर्डीच्या रस्त्यांवर ती डझनाच्या भावाने विकली जातात. बोलण्याच्या नादात विक्रेत्याकडून पिशवीत तेरावे संत्रे पडते, गिऱ्हाइकाच्या ते लक्षात येते, आणि तरीही ‘एवढ्यानं का होते’ असे मनाशी म्हणून ते पुढे निघते. माझ्याकडूनही असे घडले आहे. त्याच विक्रेत्याने चुकून दहा रुपये जास्त परत केले असते, तर ‘भाऊ, दहाची नोट जास्त आली जी’ असे म्हणून मी ती नक्कीच परत केली असती. संत्र्याची किंमत नोटेहून फारशी कमी नसते. मग मनाला ही दोन कृत्ये इतकी वेगळी का वाटतात, या प्रश्नामागे जवळपास शंभर वर्षांचा अभ्यास आहे.

1928 मध्ये ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी अमेरिकेतील हजारो शाळकरी मुलांच्या चाचण्यांवरून दाखवून दिले, की परीक्षेत फसवणारे मूल खेळातही फसवतेच असे नाही. मुलांची ‘प्रामाणिक’ आणि ‘लबाड’ अशी सरळ विभागणी त्यामुळे डळमळीत झाली, आणि माझ्या मते या विषयाची खरी सुरुवात तिथेच आहे. पुढे 1957 मध्ये ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा यांनी बालगुन्हेगारांविषयी लिहिताना असे मांडले, की ‘यात कुणाचे नुकसान झाले?’ यासारखी समर्थने कृत्यानंतरच सुचतात असे नाही, तर ती आधीच मनात तयार असतात आणि कृत्याला वाट करून देतात. आपले ‘एवढ्यानं का होते’ याच जातीचे आहे.

अर्थशास्त्राने मात्र वेगळी वाट धरली. गॅरी बेकर यांनी 1968 मध्ये गुन्ह्याकडे लाभ, पकडले जाण्याची शक्यता आणि शिक्षा यांचा हिशेब म्हणून पाहिले. डॅनिएल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांच्या 1979 च्या, जोखमीपुढे माणूस प्रत्यक्षात निर्णय कसे घेतो हे सांगणाऱ्या सिद्धांतामुळे तो असा काटेकोर हिशेब करतो या गृहीतकाला तडा गेला, आणि अप्रामाणिकपणाचाही नव्याने विचार सुरू झाला.

नीना मझार, ऑन आमीर आणि डॅन एरिअली यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात 20 कोडी दिली होती. उत्तरे तपासली जात, तेव्हा सरासरी 3.5 कोडी सुटत. आपला आकडा आपणच सांगायची मुभा मिळताच तो 6.2 झाला, आणि रोख पैशांऐवजी लगेच पैशांत बदलून घेता येणारी टोकने मिळणार म्हटल्यावर 9.4. पैसा एक पाऊल दूर सरकला, की मन सैल होते, असा याचा अर्थ लावला गेला. संत्रे आणि नोट यांतला फरकही कदाचित हाच असावा.

मात्र याच शोधनिबंधातील, बायबलमधल्या दहा आज्ञा आठवल्यास फसवणूक घटते, हा निष्कर्ष 2018 मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा तपासला, तेव्हा टिकला नाही. अर्जाच्या शेवटी सही करण्याऐवजी सुरुवातीलाच केली, तर लोक खरे लिहितात, असे सांगणारा 2012 चा निबंधही 2021 मध्ये मागे घेण्यात आला, कारण त्यातील वाहनविम्याची आकडेवारी बनावट असल्याचे पुरावे पुढे आले होते. अप्रामाणिकपणाच्या अभ्यासातच हे घडावे, याचे मला मनापासून वाईट वाटते, पण ज्यांनी ती आकडेवारी चिकाटीने तपासली त्यांच्याविषयी आदरही वाटतो.

म्हणूनच 2019 मधील पाकिटांचा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. भारतासह 40 देशांतील 355 शहरांत बँका, हॉटेले, टपाल कार्यालये अशा ठिकाणी ‘सापडलेली’ 17 हजारांहून अधिक पाकिटे सोपवण्यात आली. रिकाम्या पाकिटांच्या मालकाशी सुमारे 40 टक्के वेळा संपर्क साधला गेला, तर पैसे असलेल्या पाकिटांच्या बाबतीत सुमारे 51 टक्के वेळा. बेकर यांच्या हिशेबाप्रमाणे नेमके उलटे व्हायला हवे होते. काही पाकिटांत एक किल्लीही ठेवली होती, जी घेणाऱ्याच्या काहीच उपयोगाची नव्हती आणि मालकाला मात्र हवी होती. किल्ली नसलेल्या पाकिटांपेक्षा ती पाकिटे अधिक प्रमाणात परत आली.