मुसकं बांधलेलं एन्झाइम

मळणीच्या वेळी बैलानं कणसांत तोंड घालू नये म्हणून त्याला मुसकं बांधतात. बैल तोच, भूक तीच, पायाखाली धान्य. फक्त तोंड बंद. आपल्या मेंदूतलं, आठवणी टिकवायला लागणारं ‘कॅम-के-टू’ नावाचं एन्झाइम बराच वेळ अशाच अवस्थेत असतं. गंमत अशी, की त्याला हे मुसकं दुसऱ्या कुणी घातलेलं नसतं. त्याच्याच साखळीचा एक तुकडा वळून त्याच्या तोंडावर बसलेला असतो.

इतर प्रथिनांना फॉस्फेट चिकटवणं हे या एन्झाइमचं काम. मेंदूतल्या एकूण प्रथिनांपैकी १ ते २ टक्के वाटा या एकट्याचा आहे. एवढं सगळं एकदम मोकाट सुटलं तर चेतापेशीत गोंधळच माजेल.

मुसकं सोडवायला येतं कॅल्मोड्युलिन. हे १४८ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रथिन आहे आणि त्यात कॅल्शियम धरायला चार खोबणी आहेत. एरवी चेतापेशीच्या आत कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतं, म्हणून खोबणी रिकाम्या. संदेश आला, दारं उघडली, कॅल्शियम आत घुसलं, की कॅल्मोड्युलिनचा आकार बदलतो आणि ते त्या मुसक्याच्या तुकड्यालाच मिठी मारून त्याला बाजूला ओढतं. एन्झाइमच्या अंगात ते नवी ताकद घालत नाही. होती तीच मोकळी करतं.

पण कॅल्शियमची लाट क्षणात ओसरते. मग आठवण टिकते कशी? इथे या एन्झाइमची रचना कामाला येते. त्याचे बहुधा १२ घटक एकत्र, दोन कड्यांमध्ये बसलेले असतात. शेजारशेजारच्या दोघांचीही मुसकी सुटलेली असली, तर एक जण दुसऱ्याच्या साखळीतल्या २८६ क्रमांकाच्या थ्रिओनिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट लावतो. त्या फॉस्फेटमुळे मुसकं पुन्हा नीट बसतच नाही. कॅल्मोड्युलिन निघून गेलं तरी काम काही अंशी चालू राहतं. १९९८ साली उंदरांमध्ये नेमकं हेच एक थ्रिओनिन बदलून पाहिलं. एन्झाइम होतं, कॅल्शियमला प्रतिसादही देत होतं. पण पाण्याच्या हौदात बुडवून ठेवलेला पाट कुठे आहे, हे त्या उंदरांना शिकता आलं नाही.

कॅल्मोड्युलिन मात्र एकाच बाजूचं नाही. फॉस्फेट काढून टाकणाऱ्या कॅल्सिन्युरिनलाही तेच जागं करतं, आणि तेही कमी कॅल्शियमवर. म्हणून कॅल्शियम थोडंच वाढलं तर चेतासंधी, म्हणजे दोन चेतापेशींमधला संदेशाचा सांधा, सैल पडण्याकडे कल असतो, आणि एकदम भरभरून आलं तर घट्ट होण्याकडे. सांधा घट्ट होणं म्हणजेच आठवण पक्की होणं, असं मानतात. (मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणानंतर देतात ते टॅक्रोलिमस याच कॅल्सिन्युरिनला अडवतं. काही रुग्णांचे हात त्यानं थरथरतात. औषध प्रतिकारपेशींसाठी घेतलेलं असलं तरी त्याचा परिणाम चेतापेशींवरही होतोच.)

चेतासंधी घट्ट होण्याची सुरुवात ‘कॅम-के-टू’च्या फॉस्फेट लावण्यातूनच होते, असं वर्षानुवर्षं धरून चाललं होतं. २०२३ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या संशोधकांनी या समजाला धक्का दिला. त्यांनी फॉस्फेट लावण्याची क्रिया औषधानं थांबवली, पण एन्झाइमला चेतासंधीतल्या एनएमडीए ग्राहीला (संदेश झेलून कॅल्शियम आत सोडणाऱ्या प्रथिनाला) जाऊन चिकटायची मुभा ठेवली. तरीही संधी घट्ट झाली. म्हणजे मुसकं सुटल्यावर बैलानं धान्य खाण्यापेक्षा नेमक्या जागी जाऊन ठाण मांडणंच जास्त मोलाचं असावं. २८६ वरचं ते फॉस्फेटसुद्धा मुख्यतः त्याला तिथवर पोचवण्यासाठीच लागतं, असं त्यांचं म्हणणं आहे.