नाताळच्या रोषणाईतले हलते पुतळे : कॅमपासून चॅनेलपर्यंत

विजेच्या दिव्यांनी सजलेलं पहिलं नाताळचं झाड स्थिर नव्हतं, ते फिरत होतं. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी ८० लाल, पांढरे आणि निळे दिवे लावलेलं झाड उभं केलं आणि ते विजेवरच फिरत ठेवलं. दोन वर्षांनी दिवे १२० झाले आणि त्यांचे सहा गट पाडले गेले. बुंध्याभोवती तांब्याच्या पट्ट्या होत्या. झाड फिरलं की पट्ट्यांवरचा संपर्क तुटायचा, पुन्हा जुळायचा आणि त्यानुसार एक गट विझून दुसरा पेटायचा. हालचाल आणि उजेड एकाच दांड्यावर, एकाच तालात बांधलेले होते. आज अंगणातल्या रोषणाईत घरी बनवलेला सांता बसवणारे लोक नेमकी हीच जुळणी करू पाहतात. मधल्या शंभर वर्षांत मात्र या दोन गोष्टींची फारकत झाली होती.

दिव्यांचा मार्ग सोपा होता. १९०३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने तयार माळा बाजारात आणल्या आणि पुढे त्या घरोघरी पोचल्या. हालचाल मात्र मोठ्या दुकानांच्या काचेमागे गेली. तिथल्या पुतळ्यांचा जीव कॅममध्ये असे. एक मोटर, तिच्या दांड्यावर वेड्यावाकड्या कडांच्या चार-पाच चकत्या आणि प्रत्येक चकतीला टेकलेला एक तरफ. चकतीचा उंचवटा आला की सांताची मान झुकते, खळगा आला की वर येते. ही रचना महिनाभर सकाळ-संध्याकाळ न कुरकुरता चालते. पण चकती एकदा कापली की हालचाल कायमची ठरली. गाणं बदललं तरी मान त्याच ठेक्यावर हलणार. पुण्या-मुंबईच्या गणपतीतले हलते देखावे याच जातकुळीचे. गिअरची मोटर, केंद्राबाहेर आस असलेलं चाक आणि त्याला बांधलेली दोरी किंवा सळई. भीमाची गदा खाली-वर होत राहते आणि निवेदनाची टेप आपल्या गतीने पुढे जाते. त्या दोघांची सांगड घालायला प्रकाशझोत लागतो.

हालचाल धातूतून निघून आवाजाशेजारी जाऊन बसली ती १९६३ मध्ये, डिस्नेलँडच्या एन्चांटेड टिकी रूममध्ये. तिथे चुंबकीय टेपवर गाण्याबरोबरच ठरावीक स्वर नोंदवलेले होते. त्या स्वराने धातूची पट्टी कंप पावायची, रिले (विजेने चालणारा स्विच) जुळायचा, हवेची झडप उघडायची आणि पोपटाची चोच हलायची. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात याच पद्धतीने लिंकनचा पुतळा खुर्चीतून उठून बोलला. कल्पना पूर्ण होती, फक्त तिचा खर्च घरच्या गॅरेजला झेपणारा नव्हता.

गॅरेजमध्ये हालचाल आली ती भंगारातून आणि खेळण्यांतून. भंगारातून आली मोटारीच्या काचेची वायपर मोटर. ती १२ व्होल्टची असते, आत वर्म गिअर असतो, त्यामुळे वेग कमी आणि जोर भरपूर. संगणकाच्या जुन्या पॉवर सप्लायच्या ५ व्होल्टवर चालवली तर ती आणखी संथ फिरते. पुतळ्याला हाच वेग शोभतो, कारण १२ व्होल्टवर सांता हात हलवत नाही, माश्या हाकलतो. क्रँकची, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच्या आडव्या दांडीची, लांबी ५ सेंटिमीटर ठेवली की १० सेंटिमीटरचा झोका मिळतो. दोन गोष्टी हमखास नडतात. अनेक वायपर मोटरींचं अंगच ऋण टोकाला जोडलेलं असतं, म्हणून ती लोखंडी सांगाड्यावर थेट न बसवता लाकडावर बसवावी. आणि साधा नट दोन-तीन रात्रींत ढिला होतो. तिथे नायलॉनच्या कड्याचा लॉकनटच हवा.

खेळण्यांतून आला रिमोटच्या विमानांचा सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी छोटी मोटर. दर २० मिलिसेकंदांनी त्याला एक स्पंद मिळतो. स्पंद १ मिलिसेकंदाचा असेल तर एक टोक, २ चा असेल तर दुसरं टोक, १.५ म्हणजे मध्य. म्हणजे हालचाल आता एका आकड्यात मावली.

तिकडे दिवेही आकड्यांत उतरत होते. कार्सन विल्यम्स यांनी ओहायोतल्या मेसन गावी २००४ मध्ये आपल्या घरावर १६ हजार दिवे ८८ चॅनेलांवर, म्हणजे वेगवेगळे चालवता येणाऱ्या ८८ गटांत, संगीताच्या तालात नाचवले, आणि २००५ मध्ये त्याची चित्रफीत जगभर फिरली. बघायला येणाऱ्यांना गाणं मोटारीतल्या एफएम रेडिओवर ऐकू यायचं. त्यानंतर अंगणात टाइमलाइन आली. पडद्यावर गाण्याची लहर आणि तिच्याखाली चॅनेलांच्या ओळी. रंगमंचाच्या दिव्यांसाठी १९८६ मध्ये ठरलेली डीएमएक्स ५१२ ही पद्धतही हौशी लोकांनी उचलली. तिच्या एका तारेवर ५१२ चॅनेल आणि प्रत्येकाला ० ते २५५ किंमत. त्यातलं एक चॅनेल दिव्याऐवजी सर्व्होला दिलं की जॉन्सनच्या झाडाची जुळणी पुन्हा साधली.

पण दिव्याला चालतं ते हाताला चालत नाही. १८० अंशांचे २५५ भाग केले की एक पायरी सुमारे ०.७ अंशाची होते. ४० सेंटिमीटर लांब हाताच्या टोकाला ती जवळजवळ ५ मिलिमीटर भरते, आणि संथ हालचालीत हा धक्का रस्त्यावरून दिसतो. उपाय म्हणून दोन चॅनेल जोडून १६ बिटची, म्हणजे कितीतरी बारीक पायऱ्यांची, किंमत पाठवतात. तरीही सर्व्होंना स्पंद पुरवणारी पीसीए९६८५ ही लोकप्रिय चिप २० मिलिसेकंदांचे ४०९६ भाग करते, म्हणजे १ मिलिसेकंदाच्या कामाच्या पट्ट्यात जेमतेम २०५ पायऱ्या उरतात. खरा इलाज यांत्रिक आहे. सर्व्होचा हॉर्न (त्याच्या दांड्यावर बसणारी छोटी पट्टी) आखूड आणि हाताकडचा तरफ लांब ठेवावा, म्हणजे सर्व्हो जवळजवळ पूर्ण फिरतो आणि हात थोडाच हलतो. पायरी लहान होते, जोरही वाढतो. टाइमलाइनची चौकटही, म्हणजे दोन किमतींमधलं अंतर, ५० ऐवजी २५ मिलिसेकंदांची ठेवावी.

गाणाऱ्या पुतळ्याचा जबडा हा वेगळा विषय. आवाजाच्या पातळीवर जबडा चालवला तर तो ढोलाच्या ठोक्यालाही उघडतो. म्हणून फक्त गायकाचा आवाज असलेला ट्रॅक घ्यावा, किंवा शब्द उच्चारांत तोडावेत. ‘आ’ला पूर्ण उघडा, ‘ओ’ला अर्धा, ‘म’, ‘ब’, ‘प’ला घट्ट बंद. हे ओठ मिटणारे उच्चार चुकले की बाकी सगळं बरोबर असूनही डोळ्याला खोटं वाटतं. सर्व्होला पोचायला वेळ लागतो, म्हणून जबड्याच्या खुणा ५० ते १०० मिलिसेकंद आधी सरकवतात.

सर्वांत जास्त पुतळे मरतात ते वजनाने. हात ४०० ग्रॅमचा आणि त्याचं भारकेंद्र खांद्यापासून २० सेंटिमीटरवर असेल तर आडव्या स्थितीत ८ किलो-सेंटिमीटरचा भार पडतो. एमजी९९६आर सर्व्हो ४.८ व्होल्टवर ९.४ किलो-सेंटिमीटरला पूर्ण अडकतो, म्हणजे तो कायम घामाघूम. खांद्याच्या मागे १० सेंटिमीटरवर ८०० ग्रॅमचं वजन लावलं की भार फिटतो आणि सर्व्होला फक्त हलवायचं काम उरतं. हात स्वतःच्या बेअरिंगवर फिरावा, सर्व्होच्या दांड्यावर लटकू नये. असे पाच सर्व्हो एकदम अडकले तर १२ अँपिअरच्या वर प्रवाह ओढतात. व्होल्टेज कोसळून कंट्रोलर पुन्हा सुरू होतो आणि सगळे पुतळे एकदम दचकतात. सर्व्होंना वेगळा पुरवठा द्यावा, ऋण तार मात्र कंट्रोलरशी जोडलेली असावी.

मग थंडी. शून्याखाली ग्रीस घट्ट होतं, आणि दुपारी जुळवलेला जबडा रात्री आळसावतो. डबा पूर्ण सीलबंद केला तर आत दव साचतं. त्यापेक्षा वरून झाकून तळाला भोक ठेवलेलं बरं. बदलीचा सर्व्होही आधीच १.५ मिलिसेकंदांवर मध्यात आणून, हॉर्न बसवून ठेवावा. हॉर्न एक दाता जरी चुकला तरी त्या चॅनेलवर लिहिलेली प्रत्येक गाण्यातली हालचाल तेवढीच सरकते.