म्हाळ आणि आल्मांचं मीस: फरक नेमका कुठे आहे

चतुर्थी आटोपली की गोव्यात म्हाळ, म्हणजे पितृपक्षातली श्राद्धं, सुरू होतात. दिवाळीच्या आगेमागे, २ नोव्हेंबरला, सिमितेरात (ख्रिस्ती दफनभूमीत) थडग्याथडग्यावर फुलं आणि मेणबत्त्या दिसतात. एकाच वाड्यावरची दोन घरं थोड्या दिवसांच्या अंतराने आपापल्या गेलेल्या माणसांची आठवण काढतात, म्हणून आल्मांच्या, म्हणजे मृतांच्या आत्म्यांच्या, दिवसाला ‘ख्रिश्चनांचा पितृपक्ष’ म्हणायची सवय आपल्याकडे पडली आहे. त्यामागचा भाव आपुलकीचा आहे, तरी या नावामुळे दोन्ही विधींचा अर्थ हातून सुटतो. म्हाळात अन्न आणि पाणी पितरांना पोचवायचं असतं. मिसात, म्हणजे पाद्री वेदीवर करतो त्या कॅथलिक उपासनेत, जे अर्पण होतं ते देवाला होतं, आणि गेलेल्या माणसासाठी देवाकडे मागणं असतं. हा फरक कळायला पुर्गातोर, म्हणजे मरणानंतर स्वर्गाआधीचं आत्म्याचं शुद्धीकरण, काय आहे ते नीट कळावं लागतं.

म्हाळाची मांडणी आधी पाहू, कारण ती बहुतेकांना माहीत आहे. भाद्रपद वद्य प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंतचा हा पक्ष. माणूस ज्या तिथीला गेला त्या तिथीला, दुपारी अपराह्णकाळी श्राद्ध करायचं. सवाष्ण गेलेल्या बाईचं नवमीला, शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्याचं चतुर्दशीला, तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्येला. कर्ता जानवं उजव्या खांद्यावर घेतो आणि दक्षिणेकडे तोंड करून दर्भावर भाताचे पिंड ठेवतो, काळे तीळ घालून पाणी सोडतो. वडील, आजोबा, पणजोबा हे वसू, रुद्र आणि आदित्य रूपाने येतात आणि तृप्त होऊन आयुष्य, संतती, धनधान्य देतात अशी श्रद्धा आहे. पक्ष चुकला तर सूर्य वृश्चिक राशीत जाईपर्यंत म्हाळ करता येतो. पितर इथे पाहुणे आहेत: बोलावले जातात, जेवतात, आशीर्वाद देतात. त्यांच्या पापपुण्याचा हिशेब या विधीत कुणी काढत नाही.

पुर्गातोरात मात्र सगळा प्रश्न त्या हिशेबाचाच आहे. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे मरणाच्या क्षणीच माणसाचा निवाडा होतो. देवाकडे जाणीवपूर्वक पाठ फिरवून मेलेल्याला यमकोंड, म्हणजे कायमचा नरक. तिथून सुटका नाही आणि प्रार्थनेचाही उपयोग नाही. पूर्ण शुद्ध होऊन गेलेल्याला थेट स्वर्ग. देवाच्या कृपेत मेला, पण बारीकसारीक दोष किंवा क्षमा झालेल्या पापांचे परिणाम अजून फिटले नाहीत, असा माणूस पुर्गातोरातून जातो. क्षमा झाल्यावर उरतं काय, असं पुष्कळ जण विचारतात. शेजाऱ्याचं कौल फोडलं आणि त्याने माफ केलं, तरी कौल बदलून द्यायचं राहतंच. पापाचं तसंच मानलं जातं.

आपल्याकडचा वाचक इथे दोनदा घसरतो. पहिली चूक म्हणजे पुर्गातोर हा मुदतीचा नरक समजणं. आपल्या पुराणांतले नरक भोगून संपतात आणि जीव पुन्हा जन्म घेतो, त्यामुळे ही कल्पना लगेच जुळल्यासारखी वाटते. पण पुर्गातोरातल्या आत्म्याचा स्वर्ग पक्का झालेला असतो. त्याला पुन्हा जन्म नाही, घसरून यमकोंडात पडण्याचा धोका नाही, आणि स्वतःसाठी नवं पुण्य जोडायची सोयही नाही. म्हणूनच त्याला जिवंत माणसांची मदत लागते. दुसरी चूक प्रेतावस्थेशी सांगड घालण्याची. दहा दिवसांच्या पिंडांनी प्रेताला देह मिळतो आणि बाराव्याच्या सपिंडीकरणाने त्याला पितरांत जागा मिळते. हा दर्जातला बदल विधीने घडतो. पुर्गातोरातून आत्मा बाहेर येतो तो देव त्याला शुद्ध करतो म्हणून. माणसांच्या प्रार्थनेने त्यात साहाय्य होतं, पण किती मिसांनी काम पुरं होईल याचा आकडा चर्चने कधीच दिलेला नाही.

ही श्रद्धा आली कुठून? मृतांसाठी प्रार्थना आधी होती, पुर्गातोराची शिकवण तिच्यामागून घडत गेली. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात लढाईत पडलेल्या यहुदी सैनिकांच्या कपड्यांखाली मूर्तींचे ताईत सापडतात, तेव्हा त्यांचा सेनापती यहूदा मक्काबी २,००० चांदीचे द्राख्मा जमवून त्यांच्या पापाबद्दल अर्पण करायला जेरुसलेमला पाठवतो. प्रॉटेस्टंट पंथ हे पुस्तक बायबलमध्ये धरत नाहीत, आणि त्यांनी पुर्गातोर नाकारण्याचं ते एक कारण आहे. इ.स. ३८७ मध्ये ओस्तिया इथे मरताना संत मोनिकाने मुलाला, म्हणजे संत ऑगस्टिनला, ‘वेदीपाशी माझी आठवण ठेव’ एवढंच मागितलं होतं. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी एका मठवाशाचा प्रसंग लिहून ठेवला: लपवलेल्या पैशांच्या दोषासह तो मेला, आणि ग्रेगरींनी त्याच्यासाठी ओळीने तीस दिवस मिसं करायला लावली. अकराव्या शतकाच्या सुमारास क्लूनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी आपल्या मठांना २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा दिवस ठरवून दिला आणि तो पुढे सगळीकडे पसरला.

पुर्गातोर हे एका स्थळाचं नाव म्हणून बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळलं, असं फ्रेंच इतिहासकार जाक ल गॉफ यांचं म्हणणं आहे. मग १२७४ची लियोंची, १४३९ची फ्लोरेन्सची आणि १५६३ची ट्रेंटची, अशा चर्चच्या तीन परिषदांनी शिकवण पक्की केली. ट्रेंटच्या ठरावात दोनच गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत: पुर्गातोर आहे, आणि तिथल्या आत्म्यांना श्रद्धावंतांच्या प्रार्थनांनी, विशेषतः मिसाने, साहाय्य होतं. त्याच ठरावाने बिशपांना फाजील कुतूहल, अंधश्रद्धा आणि पैशाचा लोभ यांना आळा घालायला बजावलं. चित्रांत ज्या ज्वाळा दिसतात त्यांचा या ठरावात उल्लेख नाही. आजची शिकवणही शुद्धीकरणावर भर देते. तिथे घड्याळ आणि दिनदर्शिका लावणं चूक आहे.

दिनदर्शिका लावायची सवय कुठून आली, तेही सांगायला हवं. जुन्या प्रार्थनापुस्तकांत एखाद्या प्रार्थनेखाली ‘३०० दिवसांची दंडमाफी’ असं छापलेलं असे. दंडमाफी म्हणजे क्षमा झालेल्या पापाचं जे फेडायचं उरतं त्यातून चर्चने दिलेली सूट. पुष्कळांनी त्याचा अर्थ पुर्गातोरातले ३०० दिवस कमी, असा घेतला. खरा अर्थ होता, प्राचीन चर्चमध्ये ३०० दिवसांचं जाहीर प्रायश्चित्त करून जेवढं फळ मिळे तेवढं. हा गोंधळ थांबवायला पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये दिवसांचे आकडेच काढून टाकले. आता दंडमाफी पूर्ण किंवा अंशतः, एवढीच असते.

नोव्हेंबरातली पूर्ण दंडमाफी मिळते कशी, हे नेमकं माहीत असलेले कमी. १ ते ८ नोव्हेंबर या काळात सिमितेरात जाऊन मृतांसाठी प्रार्थना करायची, मनातल्या मनात केली तरी चालते. तिचं फळ फक्त मृतांनाच लागतं. सोबत कुमसार (पाद्रीपुढे पापांची कबुली), कुमगार (मिसात पवित्र भाकरी घेणं) आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना; एक ‘आमच्या बापा’ आणि एक ‘नमो मारिये’ पुरे. कुमसार साधारण वीस दिवस आधी किंवा नंतर झालं तरी चालतं आणि एकच कुमसार अनेक दिवसांना पुरतं; कुमगार आणि प्रार्थना मात्र दर दिवसाची वेगळी. एका दिवशी एकच पूर्ण दंडमाफी. सगळ्यात अवघड अट बहुतेक जण विसरतात: कुठल्याही पापाची, अगदी क्षुल्लक पापाचीही, मनात ओढ उरता कामा नये. अट अपुरी पडली तर दंडमाफी अंशतः मिळते, वाया जात नाही.

मीस सांगतानाही, म्हणजे पाद्रीला ते कुणाच्या नावे करायला सांगताना, घोटाळे होतात. म्हाळाचा कर्ता सहसा मुलगा. मीस मुलगी, सून, मित्र, कुणीही सांगू शकतं. त्यासाठी दिली जाते ती देणगी, मिसाची किंमत नव्हे, आणि गरिबाने काहीच दिलं नाही तरी पाद्रीने मीस करावं असं चर्चचा कायदाच सुचवतो. नाताळ सोडला तर पाद्री एका दिवसात एकाच मिसाची देणगी स्वतःकडे ठेवू शकतो. २ नोव्हेंबरला प्रत्येक पाद्रीला तीन मिसं करायची मुभा १९१५ पासून आहे: एक ज्याने सांगितलं त्याच्या हेतूसाठी, एक सर्व मृतांसाठी, एक पोपच्या हेतूंसाठी. ग्रेगरीची तीस मिसं सांगायची तर ती एकाच मृत व्यक्तीसाठी, खंड न पाडता. पाद्री बदलला तरी चालतं. जिवंत माणसासाठी किंवा दोघांसाठी मिळून ती सांगता येत नाहीत. सातव्या, तिसाव्या आणि वर्षाच्या दिवसाचं मीस दिसायला आपल्या दहाव्या-तेराव्यासारखं आणि वर्षश्राद्धासारखं असलं, तरी ते चुकल्याने आत्मा कुठे अडकून पडत नाही.

संतासाठी मीस होत नाही, हाही फरक लक्षात घेण्याजोगा आहे. बाणावलीत जन्मलेल्या जुझे वाझ यांना १४ जानेवारी २०१५ला कोलंबोत संत घोषित केलं. ते स्वर्गात आहेत हे चर्चने जाहीर केल्यावर त्यांच्यासाठी मागण्यासारखं काही उरलं नाही, आता त्यांच्याकडे मागतात. म्हणून १ नोव्हेंबर संतांचा आणि २ नोव्हेंबर आल्मांचा.

दोन्ही वाटा सर्वांत जवळ येतात त्या लग्नघरात. गोव्यातल्या कॅथलिक कुटुंबांत लग्नाआधी पूर्वजांच्या नावे भिकाऱ्यांचं जेवण घालतात. शित (भात), कालवण, पंगत पाहून कुणालाही श्राद्धाचं जेवण आठवावं, आणि ती आठवण चुकीची म्हणता येणार नाही. इथल्या मातीतला संस्कार त्यात उघड दिसतो. पण कावळ्यासाठी पान ठेवून त्याच्या शिवण्यावरून पूर्वज तृप्त झाले की नाही हे ओळखणं त्यात बसत नाही. मृतांकडून खूण मागू नये, असं चर्च शिकवतं. लियोंच्या परिषदेने मिसाबरोबर दानधर्मही मृतांना साहाय्य करतो असं म्हटलं आहे, आणि त्या पंगतीला आधार आहे तो या शिकवणीचा. जेवतात ते गरीब, पूर्वज नव्हे.

शेजाऱ्यांना नेहमी पडणारा प्रश्न: कॅथलिक मित्र माझ्या वडिलांसाठी मीस सांगू शकतो का? सांगू शकतो. जिवंत वा मृत, कुणासाठीही मीस अर्पण करायला पाद्री मोकळा आहे, असं चर्चच्या कायद्याच्या ९०१ व्या कलमात आहे. दंडमाफी मात्र बाप्तिस्मा झालेल्यालाच मिळवता येते, त्यामुळे हिंदू शेजाऱ्याने सिमितेरात लावलेली मेणबत्ती आठवणीची आणि आदराची. उलट बाजूने, म्हाळात गुरू आणि आप्त यांच्या नावानेही पिंड देतात. त्या यादीत कॅथलिक मित्राचं नाव घ्यायचं का, हे पुरोहिताला विचारून ठरवावं.