शाळूच्या भाकरीपासून तंतुकणिकेपर्यंत: नियासिनचा शेवटचा टप्पा

माण, खटाव, जत, आटपाडी हा शाळूचा मुलूख. इथे भाकरीसोबत शेंगदाण्याची चटणी असतेच, आणि ती असावीच: १०० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण १२ मिलिग्रॅम नियासिन, म्हणजे बी३ जीवनसत्त्व असतं. दख्खनमध्ये नुसत्या ज्वारीवर भागवणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा आजार आढळायचा. हैदराबादेत गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतल्या जादा ल्युसिनशी (हे एक अमिनो आम्ल) जोडला. त्यावर पुढे वाद झाले, पण पेलाग्रा नियासिनच्या कमतरतेचा आजार आहे हे अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ एल्व्हेजेम यांच्या १९३७ च्या कामानंतर पक्कं झालं होतं.

नियासिनपासून पेशीत एनएडी हा सहविकर, म्हणजे विकरांना (एन्झाइमांना) मदत करणारा रेणू, बनतो. तंतुकणिका म्हणजेच मायटोकाँड्रिया त्याच्याशिवाय अन्नातून ऊर्जा काढू शकत नाहीत. अडचण त्यांच्या आतल्या पटलाची. बाहेर ठेवलेलं एनएडीएच, म्हणजे एनएडीचं इलेक्ट्रॉन वाहणारं रूप, धडधाकट तंतुकणिका वापरत नाहीत, हे जीवरसायनशास्त्रज्ञ लेनिंजर यांनी १९५१ मध्ये दाखवलं. पुढे मॅलेट-अ‍ॅस्पार्टेट फेरी, म्हणजे पटलापलीकडे इलेक्ट्रॉन पोचवणारी अभिक्रियांची साखळी, उलगडली, पण तिच्यातून फक्त इलेक्ट्रॉन आत जातात. एनएडीचा रेणू जागचा हलत नाही. मग आतला साठा येतो कुठून? तो आतच तयार होतो, असं अनेकजण धरून चालले.

हा प्रश्न इतका रेंगाळण्यामागे मोजमापाची पंचाईतही होती. ऊती बारीक करून सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवायची: आधी सुमारे ६०० ते १,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पट) बळाने केंद्रकं खाली बसवायची, मग वरचा द्रव १०,००० जीच्या आसपास फिरवून तंतुकणिका गोळा करायच्या, सगळं ४ अंशांवर. द्रावणात कॅल्शियम राहिलं तर पटलातलं छिद्र उघडतं आणि एनएडी गळून जातं. म्हणून कॅल्शियम बांधून ठेवणारं ईजीटीए घालतात. तुटक्या तंतुकणिका मिसळल्या तरी आकडा फसवा येतो.

यीस्टमध्ये एनएडी आत नेणारी दोन वाहक प्रथिनं २००६ मध्ये सापडली, पण सस्तन प्राण्यांतलं प्रथिन हाती यायला २०२० उजाडलं. त्या वर्षी वेगवेगळ्या गटांनी एसएलसी२५ए५१ हेच नाव पुढे आणलं. त्याचं जनुक काढलं की तंतुकणिकांतलं एनएडी घटतं, ऑक्सिजनचा वापर मंदावतो. अख्ख्या पेशीतलं एनएडी मात्र फारसं बदलत नाही. यीस्टचे स्वतःचे वाहक काढून मानवी प्रथिन बसवलं, तर आयात पुन्हा सुरू होते. आमच्या मते हाच सगळ्यात भक्कम पुरावा. म्हणूनच बी३ च्या पूरक गोळ्यांनी रक्तातलं एनएडी वाढलं, एवढ्यावरून तंतुकणिकांत किती पोचलं हे सांगता येत नाही. त्यासाठी तंतुकणिकांतलंच एनएडी मोजावं लागतं.