पोटात दुखतंय, पण शाळेमुळे की आईमुळे?

सकाळचे पावणेसात. डबा भरून झालाय, व्हॅनवाले काका खाली हॉर्न वाजवतायत आणि पोर पोट धरून बसलंय. व्हॅन गेली की तासाभरात दुखणं गायब. बाबा म्हणतात नाटकं आहेत, आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकते. पोट मात्र बहुतेकदा खरंच दुखत असतं. मोठ्यांच्या पोटात परीक्षेआधी गोळा येतो ना, तसंच. प्रश्न एवढाच, की पोर घाबरलंय कशाला?

एक भीती आईपासून (किंवा ज्याचा लळा असेल त्या आजीपासून, बाबांपासून) लांब जाण्याची. हिला सेपरेशन अँक्झायटी म्हणतात. दुसरी शाळेतल्याच कशाची तरी. सकाळी सातला दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून मी सोमवार सोडून रविवारकडे बघायला सांगेन.

पहिल्या भीतीचं मूल रविवारीही लपत नाही. आई कोपऱ्यावर भाजी आणायला निघाली तरी ‘कधी येशील?’ चारदा विचारतं. ती अंघोळीला गेली तर दाराबाहेर उभं. यायला दहा मिनिटं उशीर झाला की डोक्यात थेट अपघात. रात्री एकटं झोपायचं नाही, झोपलंच तर हरवल्याची स्वप्नं. सुट्टीत आजोळी आईशिवाय राहायचं म्हटलं की तिथेही पोटात दुखतं, आणि तिथे तर शाळा नसते.

दुसऱ्या भीतीचं मूल मामाकडे आठ दिवस मजेत राहतं, दिवे लागेपर्यंत खाली खेळतं. रविवारी संध्याकाळी मात्र गप्प होतं. नीट पाहिलं तर दुखण्याचे वार ठरलेले सापडतात. गणिताचा तास, मोठ्याने धडा वाचायची पाळी, व्हॅनमधला मागच्या बाकावरचा मोठा मुलगा. कधी नुसतं शाळेचं घाण स्वच्छतागृह, जे घरी कुणी विचारतच नाही. ‘शाळेत काय झालं?’ला उत्तर ‘काही नाही’ असंच येतं. ‘डबा कुणाबरोबर खाल्लास?’ विचारून बघा.

दप्तर घेऊन निघून भलतीकडेच बसणारी मुलं यात धरू नका. ती घरच्यांपासून लपवतात, ही दोन्ही घराला चिकटतात.

वयही बघायचं. आठ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत आई नजरेआड होताच रडणं ही वाढीची खूण आहे. दिसत नसली तरी आई कुठेतरी आहे, हे बाळाला कळू लागलेलं असतं, ती परत येईल याची खात्री मात्र अजून नसते. तीनेक वर्षांपर्यंत हे ओसरतं, आणि बालवाडीच्या पहिल्या दिवसांतली रडारड म्हणजे आजार नव्हे. मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३च्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेप्रमाणे आजार म्हणायला मुलांमध्ये ही भीती किमान ४ आठवडे टिकावी लागते आणि तिने शाळा-घराची घडी विस्कटावी लागते.

एवढी फोड कशाला? कारण उपाय वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात घरी ठेवून घेतलं तर भीतीला खतपाणीच. आधी वर्गाच्या दारापर्यंत, मग फाटकापर्यंत, मग व्हॅनपर्यंत अशी सोबत कमी करायची. नजर चुकवून सटकायचं नाही, ‘येते’ सांगून निघायचं आणि सांगितलेल्या वेळेला हजर व्हायचं. दुसऱ्या प्रकारात मात्र पोराला लोटत त्याच व्हॅनमध्ये, त्याच मुलाशेजारी बसवणं हा अन्याय आहे. तिथे आधी शाळेशी बोलायचं. अर्थात शाळेत छळ झालेलं मूलही घरी आईला चिकटू लागतं, तेव्हा दोन्ही धागे एकत्र सोडवावे लागतात. अशा वेळी समुपदेशकाकडे जायला लाजू नये.

आणि दुखण्याने रात्री झोपेतून जाग येत असेल, ताप असेल, वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञ गाठा.