गर्भातली लव आणि प्रौढांच्या अंगावरची लव: अभ्यासाची पार्श्वभूमी

गर्भारपणाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास बाळाच्या भुवया, वरचा ओठ आणि हनुवटी यांवर मऊ, बहुधा रंगहीन लव उगवू लागते. पाचव्या महिन्यापर्यंत ती अंगभर पसरते आणि त्वचेचे रक्षण करणारा पांढरा, चिकट लेप धरून ठेवायला मदत करते. पुढे सातव्या-आठव्या महिन्यात ती गळून गर्भजलात मिसळते, बाळ ती गिळते, आणि जन्मानंतरच्या पहिल्या काळपट शीमध्ये तिचे अंश सापडतात.

डार्विनने १८७१ च्या ग्रंथात याच लवेकडे माणसाच्या केसाळ पूर्वजांची खूण म्हणून पाहिले. दवाखान्यात तिला महत्त्व आले ते मात्र विसाव्या शतकात: १९७० मध्ये डुबोविट्झ यांनी आणि १९७९ मध्ये बॅलार्ड यांनी नवजात बाळ गर्भात किती आठवडे वाढले आहे हे ठरवण्याच्या ज्या गुणपद्धती मांडल्या, त्यांत बाळाच्या पाठीवरची लव दाट आहे, विरळ होत आहे की जवळजवळ गेली आहे, हेही पाहतात. त्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगावर दाट लव दिसली तर आईने घाबरू नये. आपल्याकडे ती घालवण्यासाठी पिठाचा गोळा फिरवतात, पण ती काही आठवड्यांत आपोआप जाते. कोवळी कातडी चोळण्याचे काहीच कारण नाही.

प्रौढांच्या बाबतीत मात्र गोष्ट गंभीर आहे. सोळाव्या शतकात स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा पेद्रो गोन्साल्व्हस जन्मजात केसाळ चेहऱ्यामुळे फ्रान्सच्या राजदरबारात नवलाची वस्तू म्हणून ठेवला गेला. त्याच्या कुटुंबाची चित्रे ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकजवळच्या अॅम्ब्रास किल्ल्यात होती. माणसाला असे प्रदर्शनात मांडण्याने वैद्यकाला फारसे काही कळले नाही. १८६५ मध्ये स्तनाचा कर्करोग असलेल्या एका स्त्रीच्या चेहऱ्यावर आणि अंगावर दोन-तीन आठवड्यांत पांढरी लव दाटून आल्याची नोंद इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली आणि आतल्या आजाराशी तिचा संबंध असू शकतो, हे पुढे आले. नंतर फुप्फुस व मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही असे रुग्ण आढळले. हा प्रकार दुर्मीळ आहे. दीर्घ उपासमारीत, विशेषतः अन्न टाळण्याच्या मानसिक आजारात, पाठीवर आणि दंडांवर लव येणे त्याहून अधिक आढळते. चरबी गेल्यावर ऊब राखण्याची ही शरीराची धडपड मानली जाते.

अंगावर केस वाढण्यामागे फेनिटोइन, सायक्लोस्पोरिन, मिनॉक्सिडिल यांसारखी औषधेही असू शकतात, म्हणून डॉक्टर आधी चालू गोळ्यांची चौकशी करतात. काही आठवड्यांत अचानक लव आली, तर केवळ थ्रेडिंग करून ती लपवण्याआधी तपासणी करून घ्यावी. लवेमागे कर्करोग असेल तर त्याची गाठ काढल्यावर किंवा तिच्यावर उपचार झाल्यावर ही लव मागे हटल्याचे दिसले आहे.