एका प्रत्ययाचं भांडण: येशू देव की माणूस या वादाची पार्श्वभूमी

हा वाद मराठी वाचकाच्या पटकन ध्यानात येत नाही, याला कारण आपला 'अवतार' हा शब्द. देव माणसाचं रूप घेतो, काम आटोपलं की निजधामाला जातो. त्यात आपल्याला काही खटकत नाही. मराठी ख्रिस्ती धर्मशास्त्रात मात्र सहसा 'देहधारणा' म्हणतात. येशूने माणसाचं सोंग घेतलं नव्हतं. त्याला भूक लागली, तो रडला, वधस्तंभावर मेला आणि तरीही तो देवच होता, असं त्यांचं म्हणणं. मग हे दोन्ही एकाच व्यक्तीत कसं नांदतं?

ठिणगी पडली इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात, इ.स. 318 च्या सुमारास. एरियस नावाचा धर्मगुरू म्हणू लागला की पुत्र (येशू) हा पित्याने (देवाने) निर्माण केलेला, म्हणजे 'तो नव्हता असं एकदा होतं'. बाप आधी, मुलगा नंतर; साधा हिशेब. त्याने आपलं मत पद्यात बांधलं आणि खलाशी, गिरणीवाले, वाटसरू यांच्यासाठी गाणी रचली, असं जुने इतिहासकार सांगतात. सम्राट कॉन्स्टंटाईनला साम्राज्यात ही फूट नको होती. त्याने 325 मध्ये नायसियाला (आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक) बिशपांची परिषद भरवली. पुत्र पित्याशी 'होमोऊसिओस', म्हणजे एकतत्त्व आहे, असं ठरलं. पुढे तडजोडवाल्यांनी 'होमोइऊसिओस', म्हणजे सारख्या तत्त्वाचा, असा शब्द पुढे केला. ग्रीकमध्ये फरक एका अक्षराचा. नायसियाचा कैवारी अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला, यावरून परिषदेने वाद कितपत मिटवला ते कळतं.

हे भांडण पंडितांपुरतं राहिलं नव्हतं. त्या काळचा बिशप, निसाचा ग्रेगरी, राजधानी कॉन्स्टँटिनोपलबद्दल (आजचं इस्तंबूल) वैतागून सांगतो: सुटे पैसे मागावेत तर समोरचा 'जन्मलेला आणि अजन्मा' यावर प्रवचन झोडतो, पावाचा भाव विचारावा तर 'पिता थोर, पुत्र त्याच्या खालचा' असं उत्तर मिळतं, आणि आंघोळीची तयारी झाली का म्हणावं तर नोकर म्हणतो, पुत्र शून्यातून निर्माण झाला!

381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या परिषदेनंतर येशूचं देवपण पक्कं झालं. आता अडचण माणूसपणाची. 428 मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झालेल्या नेस्टोरियसने येशूची आई मरिया हिच्या 'थेओटोकोस', म्हणजे 'देवाला जन्म देणारी', या लोकप्रिय उपाधीला हरकत घेतली. देवाला आई कशी असेल? 'ख्रिस्ताला जन्म देणारी' म्हणा, असा त्याचा आग्रह. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल उसळला: मग तुम्ही येशूचे दोन तुकडे करता. 431 मध्ये एफिससला परिषद बोलावली गेली, पण नेस्टोरियसच्या बाजूचे अँटिऑकचे बिशप पोचायच्या आतच सिरिलने ती सुरू केली आणि नेस्टोरियसला पदच्युत करून मोकळा झाला. सिरिल संत ठरला, पण त्या दिवशीची त्याची घाई मला तरी संतपणाची वाटत नाही.

449 मध्ये एफिससलाच पुन्हा सभा झाली, आणि सिरिलच्या जागी आलेल्या डायोस्कोरसने ती आपल्या हाती ठेवली. तिला रोमच्या पोप लिओने 'दरोडा' म्हटलं, यात सगळं आलं. पुढच्याच वर्षी त्या सभेच्या पाठीशी असलेला सम्राट दुसरा थिओडोसियस घोड्यावरून पडून मेला आणि वारं फिरलं. 451 च्या ऑक्टोबरात कॅल्सिडॉनला, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या कादिकॉय भागात, नवी परिषद बसली. तिचं इतिवृत्त उपलब्ध आहे. त्यात काही बिशप गयावया करतात, की मागच्या वेळी आमच्याकडून कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या.

खरा पेच तिथे उघडा पडला. डायोस्कोरसला ख्रिस्त 'दोन स्वभावांतून' चालत होता, 'दोन स्वभावांत' चालत नव्हता; स्वभाव म्हणजे इथे देवपण आणि माणूसपण. मराठीत ज्याला '-तून' आणि '-त' म्हणू, तेवढंच हे भांडण. पण 'तून' म्हटलं की एकीकरणानंतर स्वभाव एकच उरतो, 'त' म्हटलं की दोन्ही कायम राहतात. सम्राटाच्या अधिकाऱ्यांनी थेटच विचारलं: डायोस्कोरसच्या ('तून') बाजूने की लिओच्या ('त')? 'लिओ!' असा पुकारा झाला. ठराव आला: एकच ख्रिस्त, दोन स्वभावांत, सरमिसळ नाही, बदल नाही, विभागणी नाही, ताटातूट नाही. हे नेमकं कसं घडतं, ते हे चार नकार सांगत नाहीत. काय म्हणायचं नाही तेवढं कुंपण घालतात.

इजिप्तचे कॉप्ट (तिथले ख्रिस्ती), आर्मेनियन, सिरियातले बरेचजण या कुंपणाबाहेर राहिले. पूर्वेकडचं, मेसोपोटेमियातलं चर्च नेस्टोरियसला मान देत राहिलं आणि केरळच्या ख्रिस्तींना बिशप तिथूनच येत. म्हणून 1599 मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस कोचीजवळच्या उदयंपेरूरला गेले, तेव्हा तिथल्या धर्मसभेत नेस्टोरियसचा धिक्कार वदवून घेण्यात आला आणि पाखंडी ठरवलेले सिरियाक भाषेतले ग्रंथ जाळण्याचा हुकूम निघाला. त्या पूर्वेकडच्या चर्चची शाखा आजही त्रिशूरला आहे. 1994 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल आणि या चर्चचे प्रमुख मार दिन्खा यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्यात 'देवाची माता' आणि 'ख्रिस्ताची माता' ही दोन्ही संबोधनं योग्य मानली आहेत. एफिससच्या परिषदेला तोवर 1563 वर्षं झाली होती.